बंबात ठेवलेली वीट

डोंबिवलीच्या आमच्या बैठ्या चाळीत रोज सकाळी नऊ माणसांच्या आंघोळी एकामागून एक व्हायच्या, त्याही एकाच तांब्याच्या बंबावर. बंब मागच्या दारी असायचा. पहाटे साडेपाचला आजोबा तो पेटवायचे. करवंट्या, वखारीतून आणलेल्या ढलप्या, कधी गोवरीचा तुकडा. पहिली पंधरा मिनिटं नुसता धूर. शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या आणि आत काहीतरी पुटपुटायच्या, ते आम्हाला ऐकू यावं इतपत मोठ्याने.

आजोबा ठाकुर्लीच्या चोळा पॉवरहाऊसमध्ये बॉयलरवर काम करून निवृत्त झाले होते. एक दिवस त्यांनी भंगारवाल्याकडून भट्टीच्या विटेचे, म्हणजे फायरब्रिकचे, चार तुकडे आणले, छिन्नीने घासून गोलाईत बसवले आणि बंबाच्या मधल्या नळीत जाळीच्या वर रचून ठेवले. आजीचं म्हणणं सरळ होतं: आधीच पाणी तापायला वेळ लागतो, त्यात हा जाळाच्या आणि तांब्याच्या मध्ये विटा घालतोय. पहिल्या आंघोळीला खरोखरच उशीर झाला. पण तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत विटा लाल झाल्या आणि धूर जवळजवळ थांबला. आजोबांनी एवढंच सांगितलं, "इंजिनात पण वीट असते."

मला त्या वाक्याचा अर्थ कळायला पंधराएक वर्षं लागली. मध्ये एक वाईट सकाळ होऊन गेली, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी: तांब्याचं उभं पिंप, त्याच्या बरोबर मधून वरपर्यंत गेलेली नळी, खाली जाळी आणि राखेची जागा, बाजूला पितळी तोटी. नळीत जाळ, नळीभोवती पाणी. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब हाताने ठोकून बनवत. कल्पना बिनतोड वाटते, कारण जाळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे आणि उष्णता वाया जायला जागाच नाही.

घोटाळा तिथेच आहे. तांब्याच्या पलीकडे पाणी असलं की तांबं फार तापू शकत नाही. पाणी उकळलं तरी १०० अंश, तांबं त्याहून थोडं वर, बस्स. लाकडातून निघालेल्या वायूंना नीट जळायला याच्या कितीतरी पट जास्त तापमान हवं असतं. एकटा कार्बन मोनॉक्साइड घेतला तरी तो पेटायला सुमारे ६०० अंश लागतात. जाळाची जीभ थंड तांब्याला लागली की जळणं अर्धवट राहतं. उरलेल्या इंधनाची काजळी होते, धूर होतो आणि न दिसणारा मोनॉक्साइड होतो. म्हणजे बंब पाण्याला उष्णता द्यायची घाई करतो आणि त्या घाईत आगीलाच उपाशी मारतो. वर ती काजळी तांब्यावर बसते आणि पुढची उष्णता अडवते. आमच्याकडे दर रविवारी नळी घासायचं काम माझ्या काकाकडे होतं आणि तो त्याबद्दल अजून बोलतो.

मातीच्या चुलीत याच्या उलट होतं. तिच्या भिंती तापतात, त्यामुळे जाळ जगतो. पण भांड्यापर्यंत पोचण्याआधी बरीच उष्णता माती गिळते. भुश्याची शेगडी मला या सगळ्यांत हुशार वाटते. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा दाबून भरायचा आणि बाटली अलगद काढायची. राहिलेलं भोक हीच जाळाची खोली आणि तिच्या भिंती इंधनाच्याच. भुसा उष्णता धरून ठेवतो, भोक तापतं, जाळ सरळ वर जातो. ठाण्या-कल्याणच्या वखारींच्या आसपास भुसा स्वस्तात मिळे, तोवर कितीतरी घरांचं पाणी यावर तापलं.

आता आजोबांच्या इंजिनाकडे येते. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. ३४ किलोमीटर, तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावं सांगितली जातात. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ कल्याणपर्यंत पोचले. त्या काळच्या ब्रिटिश इंजिनाचं पोट उघडून पाहिलं तर काय दिसतं? तांब्याची एक पेटी, तिच्याभोवती पाणी, पेटीत जाळ. बंबच, आडवा पाडून चाकांवर बसवलेला. आणि बंबाचं दुखणंही तेच. कच्चा कोळसा टाकला की त्यातले वायू थंड तांब्याला लागून अर्धवट जळत आणि काळाकुट्ट धूर निघे. इंग्लंडमध्ये १८४५ च्या रेल्वे कायद्याने इंजिनाने आपला धूर आपणच जाळला पाहिजे असं बंधन घातलं होतं. म्हणून तिथल्या कंपन्या कोळसा आधी भट्टीत भाजून त्याचा कोक करत आणि तो महागाचा कोक जाळत.

इंजिनात दुहेरी पेट्या, वाफेचे फवारे, आडव्या भिंती असं पुष्कळ काही करून पाहिलं गेलं. शेवटी टिकला तो अगदी साधा उपाय. मिडलँड रेल्वेच्या डार्बी कारखान्यात चार्ल्स मार्कहॅमने १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या पेटीत, नळ्यांच्या तोंडाखाली, फायरब्रिकची तिरपी कमान बांधली. जाळाला थेट नळ्यांत शिरता येईना. त्याला कमानीला वळसा घालून, तापलेल्या विटेला घासून, दारातून येणाऱ्या ताज्या हवेत मिसळून मग नळ्यांत जावं लागे. तेवढ्या वळशात जळायचं ते जळून जाई. धूर घटला, कोकची गरज संपली. ही कमान वाफेच्या इंजिनांच्या शेवटापर्यंत राहिली. ठाण्याला आलेल्या त्या पहिल्या गाडीनंतर काही वर्षांतच ही युक्ती पक्की झाली आणि नंतर शंभर वर्षं घाटाखाली धावलेली इंजिनं पोटात वीट घेऊन धावली. आजोबांना इतिहास माहीत नव्हता, वीट माहीत होती.

गॅसने पाणी तापवायची गोष्ट मात्र विटेवाचून सुरू झाली. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघनने १८६८ मध्ये गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडच्या उसळत्या झऱ्यावरून त्याला 'गीझर' नाव दिलं. आपण आज विजेच्या टाकीलाही गीझर म्हणतो तो शब्द इथून आला. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. आंघोळीच्या बंद खोलीत उघडा जाळ! हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, आणि तो १८६८ साठी येत नाही.

पुढचं नाव ह्यूगो युंकर्स. जर्मनीत डेसाऊ इथे त्याने गॅसमध्ये उष्णता किती आहे हे मोजायचं उपकरण बनवलं: गॅस जाळायचा, भोवती वाहतं पाणी ठेवायचं आणि पाणी किती अंशांनी तापलं ते पाहायचं. मोजमाप अचूक हवं असेल तर उष्णता सांडून चालत नाही, म्हणून पाण्याने ती जवळजवळ सगळी शोषावी अशी रचना. त्याच्या लक्षात आलं की हे उपकरण म्हणजेच उत्तम गीझर आहे. १८९५ मध्ये त्याने त्यासाठी कंपनी काढली. पातळ पत्र्याच्या पापुद्र्यांतून उष्णता काढून घ्यायचं त्याचं कसब पुढे विमानांकडे वळलं. १९१५ चं पूर्ण धातूचं जे. १ विमान त्याचंच. गीझरचा धंदा १९३२ मध्ये बॉशने विकत घेतला. आज आपल्या बाथरूममधला गॅस गीझर याच घराण्यातला आहे: खाली निळ्या ज्योतींची रांग, वर तांब्याच्या पापुद्र्यांचा पेटारा, त्यातून वळणं घेत जाणारं पाणी.

युंकर्सला एक गोष्ट सोपी गेली. गॅस लाकडापेक्षा स्वच्छ जळतो आणि आधीच हवेत मिसळून आला तर छोटीशी निळी ज्योत दोन-चार बोटांत पूर्ण होते. मग ज्योत आणि तांबं यांच्यात थोडं अंतर ठेवलं की झालं. ती मोकळी जागा म्हणजे विटेच्या कमानीचा गरिबातला अवतार. ती जागा पुरेशी आहे तोवर सगळं ठीक. पापुद्र्यांत काजळी भरली, जाळीत कोळ्याने घर केलं किंवा हवा कमी पडली की ज्योत पिवळी, लांब होते, तांब्याला लागते आणि बंबाचं जुनं दुखणं परत येतं. यावेळी धूर दिसत नाही, एवढाच फरक.

जाळाला खरी तापलेली खोली देऊन गॅसने पाणी तापवायचा सगळ्यात धीट प्रयोग लीड्सला झाला. विल्यम आर्थर बोन हा तिथल्या विद्यापीठात इंधनशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या डोक्यात हम्फ्री डेव्हीचं १८१६-१७ चं एक निरीक्षण होतं: गॅस आणि हवेच्या मिश्रणात गरम प्लॅटिनमची तार धरली तर ज्योत न दिसताही ती लाल राहते. म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर गॅस ज्योतीवाचून जळतो. बोनला वाटलं, प्लॅटिनमच कशाला, भट्टीच्या मातीचे तुकडेही चालतील. त्याने आणि सी. डी. मॅककोर्टने १९१० च्या सुमाराला बॉयलर बनवला. पाण्यात बुडालेल्या लोखंडी नळ्या आणि नळ्यांत खच्चून भरलेले न वितळणाऱ्या मातीचे खडे. गॅस आणि हवा मोजून मिसळायचे आणि पंख्याने नळीत ओढायचे. नळीच्या तोंडापासून थोड्याच अंतरात सगळा गॅस जळून संपे. तिथले खडे पांढरेशुभ्र तापत, ज्योत कुठेच नाही. आणि बोटभर पलीकडे, पाण्याला लागून असलेली लोखंडी भिंत मात्र थंडच. उष्णता त्या खड्यांतून प्रकाशासारखी भिंतीवर पडायची आणि उरलेली पुढच्या खड्यांत घुसळत जाताना निघायची. गॅसमधल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पाण्यात उतरली. १९१० साली!

मग हे घराघरात का नाही आलं? बारीक खड्यांतून वायू ढकलायला पंखा लागतो, त्याला वीज लागते. खडे तापून-निवून फुटतात, त्यांची भुकटी वाट अडवते. आणि हवेचं प्रमाण जरा चुकलं तर जाळ उलटा नळीबाहेर येऊ शकतो. कारखान्यात हे सांभाळायला माणूस असतो, घरात नसतो.

बोन पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजला गेला. त्याच कॉलेजात साठेक वर्षांनी फेलिक्स वाइनबर्गने हा धागा उचलला. हा माणूस पोरवयात नाझी छळछावण्यांतून वाचला होता. १९७१ मध्ये त्याने मांडलं की बाहेर जाणाऱ्या गरम वायूंची उष्णता आत येणाऱ्या थंड मिश्रणाला दिली, तर एरवी पेटणारच नाही इतका पातळ गॅसही जळतो आणि जाळ नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त तापू शकतो. बोनच्या खड्यांत हेच आपोआप घडत होतं: पुढचे लाल खडे मागच्या खड्यांना तापवत आणि येणारा गॅस पेटण्याआधीच गरम होई. भारतात याचं काम आयआयटी गुवाहाटीत पी. मुथुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आहे; सिलिकॉन कार्बाइडच्या सच्छिद्र चकतीत गॅस जाळणाऱ्या शेगड्या त्यांनी बनवल्या. लाकडाच्या बाजूने पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे आनंद कर्व्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, सुधारित चुलींवर पुष्कळ काम केलं.

आता ती सकाळ. सिलिंडर सहज मिळू लागले, चाळ पाडून तिथे इमारत झाली आणि बंब भंगारात गेला. (तांब्याला भाव चांगला आला, आजी दोन दिवस जेवली नाही.) मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्ये एलपीजी विकायला सुरुवात केली होती, आमच्याकडे गॅस गीझर यायला चार दशकं लागली. बाथरूम चार फूट बाय सहा फूट. गीझर आतच भिंतीवर, खिडकीची काच थंडीमुळे बंद. आत्या आंघोळीला गेली. पंचवीस मिनिटं झाली, पाण्याचा आवाज चालू, हाकेला उत्तर नाही. काकाने दार फोडलं. ती कोपऱ्यात बसलेली होती, गाल गुलाबी, जणू झोपलीय. दवाखान्यात बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन व्यवस्थित दिसत होता. ते यंत्र रक्तातला मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन वेगळे ओळखू शकत नाही. नशिबाने तिथल्या डॉक्टरने "गीझर कुठला?" हा प्रश्न विचारला. मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तो सोडवायला मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन तासन्‌तास द्यावा लागतो. आत्या वाचली. पण पुढचे काही महिने ती गॅस चालू ठेवून विसरायची, एकच प्रश्न दोनदा विचारायची. ती गणित शिकवायची, म्हणून आम्हाला ते लगेच कळलं.

गणित नंतर मी केलं. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण जोरात मिनिटाला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो. एका ग्रॅमला १२ ते १३ लिटर हवा लागते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ २०० लिटर. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून ५,४०० लिटर हवा. दहा मिनिटांत तिसऱ्या हिश्श्याएवढी हवा गीझरने वापरलेली असते आणि त्याची वाफ, कार्बन डायॉक्साइड तिथेच फिरत असतो. मग जाळाला ऑक्सिजन कमी पडतो आणि तो मोनॉक्साइड बनवायला लागतो. मॉघनचं १८६८ चं यंत्र, डोंबिवलीत.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट म्हणून गॅस गीझरसाठी मातीचं कंबश्चन चेंबर बनवायचं ठरवलं. कारण अर्थातच आत्या होती, पण अर्जात तसं लिहिलं नाही. फायरक्लेमध्ये भाताचा तूस मिसळला. भाजताना तूस जळून जातो, भोकं राहतात आणि माती हलकी, उष्णता अडवणारी होते. टिटवाळ्याकडच्या एका वीटभट्टीवर विटांच्या थरात ठेवून भाजून घेतलं. तिथे काम करणाऱ्या कातकरी बाईने ते हातात घेऊन वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. तिचं बरोबर होतं.

चेंबर तीन किलोचं झालं. जोडलं, पेटवलं. माती लाल झाली की ज्योत सुंदर, आखूड, धूर शून्य. पण लाल व्हायलाच वेळ. कारण सोपं आहे: तीन किलो मातीला ९०० अंशांनी तापवायला साधारण ६७५ किलोकॅलरी लागतात. वीस लिटरची बादली २० अंशांनी तापवायला लागतात ४००. म्हणजे पाण्याला थेंबभर ऊब मिळायच्या आधी मी दीड बादलीची उष्णता मातीला पाजत होते, आणि आंघोळ संपल्यावर ती नुसतीच हवेत जात होती. तिसऱ्या दिवशी गळक्या जोडातून पाण्याचे चार थेंब लाल मातीवर पडले आणि चेंबर उभं तडकलं.

तेव्हा आजोबांचा बंब समजला. नऊ माणसं एकामागून एक आंघोळ करायची तेव्हा विटांनी गिळलेली उष्णता आठ वेळा परत मिळत होती. पहिल्या माणसाचा वेळ गेला (तो बहुतेक आजोबाच असायचे), पुढच्यांना लाल वीट आयती मिळाली. चार माणसांच्या फ्लॅटमध्ये, एक सहाला आणि एक साडेनऊला आंघोळ करणार असेल, तर तीच वीट तोट्याची. म्हणून घरगुती गीझरमध्ये जड मातीची खोली बसवायचा आग्रह मी सोडला. हॉस्टेल, हॉस्पिटल, धुलाईचे कारखाने, जिथे बर्नर तासन्‌तास चालतो, तिथे ती शोभते. मोठ्या गॅस बॉयलरमध्ये आज सिरॅमिकच्या सच्छिद्र बर्नर-पट्ट्या आणि सिरॅमिक धाग्यांचं हलकं अस्तर असतं, किलोंच्या जागी ग्रॅममध्ये. काहींत तर धुरातली वाफसुद्धा थंड करून पाणी बनवतात, कारण एक घनमीटर मिथेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात निघतं आणि गॅसमधली सुमारे दहावा हिस्सा उष्णता त्यात अडकलेली असते. ते पाणी आंबट असतं, तांबं खातं. तिथे स्टेनलेस स्टील लागतं.

फ्लॅटसाठी लढाई दुसरीकडे आहे. बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल-वायू सापडला, तिथला गॅस उरणला किनाऱ्यावर आला, १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्वयंपाकघरांत पिवळ्या पाइपातून तो पोचला. हा गॅस एलपीजीपेक्षा घनफळाला जवळजवळ अडीच पट हलक्या उष्णतेचा आणि कमी दाबाचा, म्हणून गीझरचे जेट मोठे बसवावे लागतात. कुणी उलटा उद्योग केला, मोठ्या जेटचा गीझर सिलिंडरला जोडला, तर ज्योत पिवळी होऊन वरच्या तांब्यात शिरते. मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा "मेकॅनिकने चालवून दाखवला होता" हेच उत्तर.

आमचा गीझर आता ड्राय बाल्कनीत आहे, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याची नळी येते. दर दिवाळीच्या आधी मी त्याचं झाकण उघडते, पापुद्रे ब्रशने साफ करते आणि अंधारात पेटवून ज्योतीचा रंग पाहते. आत्या स्टुलावर बसून बघत असते. "निळी आहे का?" ती विचारते, आणि थोड्या वेळाने परत विचारते.